पेटीतली वही चारचौघांत कशी न्यावी

गावात लिहिणारे, चित्रं काढणारे, चाली लावणारे वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त असतात. कुणाची वही टिनाच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली असते, कुणी रात्री शेत राखायला जागलीवर असताना मोबाइलवर भजन रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं, कुणाच्या गॅलरीत शेताच्या धुऱ्यावरच्या पाखरांचे ढीगभर फोटो पडलेले असतात. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही जण मिळून कवितावाचनाच्या बैठका घेतो. तिथं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आणलं तर आहे, पण वाचत नाही." हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझा संबंध कवितेशी, म्हणून उदाहरणं तिची जास्त येतील. चित्र, फोटो, वऱ्हाडी व्हिडिओ, खंजिरीवरचं भजन, काहीही असलं तरी पायऱ्या त्याच.

एक गोष्ट आधीच सांगतो. "लोकांसमोर कसं यावं" याबद्दलचा बहुतेक सल्ला शहरातल्या माणसाला धरून लिहिलेला असतो. तिथं भीती अनोळखी लोकांची असते. आपल्याकडे भीती ओळखीच्यांची. ज्यानं आपल्याला दहावीत नापास झालेलं पाहिलं, आपल्या बापावर सोसायटीचं किती कर्ज आहे हे ज्याला तोंडपाठ, त्याच्यासमोर उभं राहून "ही माझी कविता" म्हणायचं असतं. म्हणून आपल्याकडे क्रमही वेगळा लागतो. आधी एकच माणूस, मग परकं गाव, आणि आपलं गाव सगळ्यात शेवटी. पिकतं तिथं विकत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊकच होतं.

पहिली पायरी: "लोक" म्हणजे कोण ते लिहून काढा

"लोक काय म्हणतील" यातले लोक नावानिशी कागदावर उतरवा. खरंच लिहा, मनातल्या मनात नको. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावातूनही या यादीत पाच-सहाच्या वर नावं येत नाहीत. एखादा चुलतभाऊ, पानठेल्यावर बसणारे दोघं, एक जुने गुरुजी, एखादी जाऊ किंवा नणंद. आता प्रत्येक नावापुढं लिहा, हा माणूस हसला तर माझं नेमकं काय बिघडेल? चुलतभावापुढं बहुतेक काहीच लिहिता येत नाही. गुरुजींपुढं कदाचित येईल, कारण त्यांच्या मताची आपल्याला किंमत असते. मग ते नाव भीतीच्या यादीतून काढून विचारायच्या यादीत टाका.

आपल्याकडं सगळ्यांचंच लक्ष आहे, हा समज मोजून पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असं एका गायकाचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. "पण आमच्या गावात सगळ्यांचं लक्ष असतंच ना," असं तुम्ही म्हणाल, आणि ते खोटं नाही. फरक इतकाच की गावाच्या लक्षात येतं आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत विषय बदललेला असतो. कापसाचा भाव नाहीतर कुणाच्या तरी घरची सोयरीक, तुमच्या कवितेपेक्षा या गोष्टी केव्हाही मोठ्या.

दुसरी पायरी: कोणती गोष्ट दाखवायची

सगळ्यात खोल जखमेची कविता पहिल्यांदा आणू नका. वडिलांच्या आत्महत्येवर लिहिलेलं, मोडलेल्या संसारावर लिहिलेलं, त्याला वेळ द्या. तिथं कुणी "तिसऱ्या कडव्यात लय तुटते" म्हणालं तर ते तुम्हाला लयीबद्दल ऐकूच येणार नाही. पहिल्यांदा अशी गोष्ट न्या, जिच्यावर टीका झाली तरी रात्री झोप लागेल. आकारानं लहान, पूर्ण झालेली. पूर्ण झाली की नाही हे कळायला ती मोठ्यानं वाचा, शक्यतो गोठ्यात किंवा शेतात, जिथं आवाज चोरावा लागत नाही. दोनदा एकाच शब्दाला जीभ अडखळली तर तो शब्द बदलायचा आहे.

गावातली खरी माणसं कवितेत असतील तर जरा थांबा. दारूड्या मामा, पळून गेलेली शेजारीण, धुऱ्यावरून भांडणारा भाऊबंद, हे लिहायला रसरशीत असतं, पण नाव बदललं तरी गावाला लगेच कळतं कोण ते. तुमची भीती या एका ठिकाणी बरोबर सांगत असते. तिचं ऐका. माणूस ओळखू येणार नाही इतकं बदला किंवा ती कविता सध्या वहीतच राहू द्या.

आणि भाषेचं. "माझी भाषा अशुद्ध आहे" हे वाक्य मी बैठकीत इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर मी काही बोलतच नाही, सरळ वाचायला लावतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, बोलण्याचा हेल वेगळा, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. झाडीबोलीची स्वतःची साहित्य संमेलनं भरतात. वऱ्हाडी कविता तर संमेलनात सुरू झाली की मागच्या रांगेतली माणसं खुर्ची पुढं ओढतात. मात्र एक सावधगिरी ठेवा. बोली ऐकून लोक हसायला लागले की लिहिणाऱ्याला त्या हशाची चटक लागते, आणि मग प्रत्येक ओळीत "काय बे" नि "कायले" पेरणं सुरू होतं. ज्या ओळीत तुमच्या घरात कुणी असं बोलणार नाही, तिथं बोली घुसवू नका. प्रमाण भाषेत सुचलं असेल तर प्रमाण भाषेतच राहू द्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

तिसरी पायरी: एकच माणूस

हा माणूस निवडताना कविता कळणारा शोधू नका. तुमच्याशी खोटं न बोलणारा आणि तुमचं गुपित पोटात ठेवणारा शोधा. नवरा किंवा बायको बहुतेक वेळा या कामाचे नसतात. ते एकतर फार कौतुक करतात किंवा "याच्यानं किराणा येते का" म्हणतात. आत्या, मावशी, शाळासोबती, लायब्ररीत बसणारा एखादा रिटायर्ड माणूस, असं कुणी पाहा.

त्यांना "कसं वाटलं?" विचारू नका. उत्तर "छान" येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. हे तीन प्रश्न विचारा: कुठं कंटाळा आला? कोणती ओळ आठवते? कुठं खोटं वाटलं? तिसऱ्या प्रश्नाला गावातल्या माणसाइतकं चोख उत्तर कुणी देत नाही. आमच्या बैठकीतल्या एका पोरानं कापूस वेचणीवरची कविता आधी आजीला वाचून दाखवली होती. त्यात "पऱ्हाटीच्या काट्यांनी बोटं रक्ताळली" अशी ओळ होती. आजी तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पऱ्हाटीले काटे कुठचे आले बे? बोंडाचं वायलेलं टोक टोचते बोटाले. तू येचाले आला नाई का कधी?" पोरानं ओळ बदलली. नव्या ओळीत ते वाळकं टोक आलं, आणि बैठकीत नेमकी तीच ओळ लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. शहरातल्या कुठल्याही समीक्षकानं ती चूक काढली नसती.

चौथी पायरी: मोजकी माणसं

इथं मोबाइल कामी येतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये, ते कुणाकुणाला दिसावं हे ठरवायची सोय आहे. 'ओन्ली शेअर विथ' निवडून चार-पाच नावांवर टिक करा, बाकी कुणाला ते दिसत नाही, आणि २४ तासांनी आपोआप जातं. भित्र्या माणसासाठी याहून सोयीचं व्यासपीठ नाही. व्हिडिओ असेल तर यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून टाका. मग ज्याच्याकडे लिंक असेल त्यालाच तो पाहता येतो, शोधून सापडत नाही. फक्त ती लिंक कुणाला पाठवता ते पाहा, कारण एकदा गावाच्या ग्रुपवर पडली की अनलिस्टेडला काही अर्थ उरत नाही.

मोबाइल नको असेल तर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना बऱ्याच गावांत संध्याकाळी होते. प्रार्थना आटोपल्यावर पाच-दहा माणसं सतरंजीवर बसलेली असतात. ती वेळ मागून पाहा. भजन असेल तर मागायचीही गरज नाही, खंजिरी पुढं सरकवतील.

पाचवी पायरी: परकं गाव

तालुक्याचं कविसंमेलन, वर्तमानपत्राची पुरवणी, दिवाळी अंक, आकाशवाणी. विदर्भात आकाशवाणीची केंद्रं नागपूर, अकोला, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर अशी पसरलेली आहेत. नव्यांना बोलावणारे कार्यक्रम कोणते, ते केंद्रावर विचारून घ्यावं. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे, त्याच्या शाखांचे कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी होतात. पाठवताना टाइप करून पाठवा, शब्दमर्यादा पाळा, शेवटी नाव, गाव, मोबाइल नंबर लिहा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ "वाईट" असा नसतो. बहुतेक वेळा संपादकानं अजून वाचलेलंच नसतं.

इथं एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. "प्रातिनिधिक काव्यसंग्रहात तुमची कविता निवडली आहे, अमुक रुपये भरा" असा मेसेज येतो. किंवा सन्मानचिन्ह आणि 'राज्यस्तरीय पुरस्कार', अर्थात शुल्क भरून. पहिल्यांदा कौतुक ऐकलेला माणूस इथं हमखास अडकतो. पैसे मागितले की निवड झालेली नाही, विक्री झालेली आहे. ज्याला हौस आहे त्यानं भरावेत, पण ते आपल्या कवितेचं मोल समजू नये.

टोपणनावाचं बरेच जण विचारतात. परक्या गावी ते चालतं, परंपराही जुनी आहे. मूर्तिजापूरला जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे 'अनिल' झाले, नागपूरचे माणिक गोडघाटे 'ग्रेस' झाले. सासरच्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून माहेरच्या नावानं लिहिणाऱ्या बायाही मला माहीत आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आपल्या गावात टोपणनाव आठवडाभरही टिकणार नाही, ते गृहीत धरा.

संमेलनाला जाताना व्यवहाराच्या गोष्टी विसरू नका. नव्यांचा नंबर पाहुण्यांची भाषणं संपल्यावर येतो, म्हणजे बहुधा उशिरा. शेवटची एसटी किती वाजता ते आधी पाहा. बाया-पोरींनी आयोजकाला फोन करून "माझं वाचन आधी घ्या, गाडी आहे" असं स्पष्ट सांगावं. सांगितलं तर घेतात. सोबतीला कुणी असेल तर उत्तम.

माइकसमोर

हात थरथरतात, हे गृहीत धरूनच जा. सुटा कागद थरथरला की तो मागच्या रांगेलाही दिसतो आणि माइकमध्ये फडफडतो. म्हणून वही न्या, पुठ्ठ्याची. अक्षर नेहमीपेक्षा मोठं लिहा, पान उलटायची वेळ येऊ देऊ नका. पाठ असली तरी वही हातात असू द्या. माइक तोंडापासून चार बोटं लांब. फुंकर मारून किंवा टकटक करून पाहू नका, ऑपरेटर मागून शिव्या घालतो. पहिली ओळ सुरू करायच्या आधी एक पूर्ण श्वास. तो तुम्हाला फार लांब वाटेल, ऐकणाऱ्याला कळतही नाही.

सुरुवातीला माफी मागू नका. "मी काही मोठा कवी नाही, पहिल्यांदाच वाचतोय, चुकलं तर समजून घ्या," ही प्रस्तावना ऐकणाऱ्याला चुका शोधायला बसवते. नाव, गाव, कवितेचं शीर्षक, आणि वाचायला लागा. दोन मिनिटांत संपेल एवढंच न्या. "अजून एक" अशी मागणी आली तरच दुसरी काढा, आणि आयोजकाचा चेहरा पाहून काढा.

छातीत धडधडतंय म्हणून स्वतःला "शांत हो" म्हणत बसू नका. हार्वर्डच्या एका संशोधिकेनं २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याच्या किंवा भाषणाच्या आधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह आला आहे" असं मोठ्यानं म्हणणाऱ्यांचं सादरीकरण सरस ठरलं. धडधड दोन्हीत तीच असते. ती दाबायला जाण्यापेक्षा तिला कामाला लावणं सोपं. वऱ्हाडीत म्हणायचं तर, "आज मज्या येनार हाय," एवढं स्टेजच्या मागं पुटपुटलं तरी पुरे. आणखी एक दिलासा असा की आपली घाबरगुंडी आपल्याला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. हेही २००३ सालच्या एका अभ्यासात तपासलं गेलं. ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी सांगितली, ते इतरांपेक्षा बरं बोलले. म्हणून तुम्हालाही आधीच सांगून ठेवतो.

सहावी पायरी: आपलं गाव, पण निमित्त पाहून

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाव कलेला हसत नाही. गाव बिननिमित्ताच्या कलेला हसतं. पोळ्याचा दिवस आठवा. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात आणि वर्षभर कुणाशी धड न बोलणारा माणूस कानावर हात ठेवून झडती म्हणतो. कापसाच्या भावावर, पुढाऱ्यावर, सासूवर, काल जोडलेल्या चार ओळी. शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव," आणि सगळं गाव ओरडून साथ देतं. समोरच्या बाजूनं त्या झडतीला झडतीनंच उत्तर येतं. त्या माणसाला "कवी झाला का बे तू" असं कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं आपापला लाकडी नंदी सजवून गावभर मिरवतात, नंबरही काढले जातात, रडारड होते, पण "हे काय दाखवतो" असं कुणी म्हणत नाही. कारण त्या दिवशी दाखवायचंच असतं.

पूर्व विदर्भात हे आणखी ठळक आहे. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. दिवसा शेतात राबणारी माणसं रात्री रंग लावून उभी राहतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. याच रंगभूमीवरचे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पहिल्यांदा उभं राहायला झाडीपट्टीतल्या माणसाला वऱ्हाडातल्यापेक्षा कमी धैर्य लागत असावं, असं मला वाटतं, कारण तिथं वाट आधीच मळलेली आहे.

तेव्हा निमित्त शोधा. नवरात्रातला शारदोत्सव, कोजागिरी, ३० एप्रिलची ग्रामजयंती म्हणजे तुकडोजी महाराजांची जयंती, २० डिसेंबरची गाडगेबाबांची पुण्यतिथी, जानेवारीतलं शाळेचं स्नेहसंमेलन. मंडळाच्या पोरांना आठवडाभर आधी सांगा की "मधल्या वेळात पाच मिनिटं मी घेतो." त्यांना कार्यक्रम भरायचाच असतो. सोयाबीनची कापणी ऐन भरात असताना किंवा पेरणीच्या तोंडावर मात्र काही दाखवायला जाऊ नका. पाऊस लांबलेला असताना गावाला कविता ऐकवणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

बोलणं आलंच तर

टोमणा येणार. पानठेल्यावरून आवाज येईल, "काय बे, कवी झाला का तू?" याला सगळ्यात चांगलं उत्तर, "हाव, झालो. आयकतं का?" बहुतेक वेळा समोरचा म्हणतो, "बरं, सांग." आणि ऐकतो. चिडलात तर तो विषय महिनाभर पुरवेल.

बाकीच्या बोलण्याचे दोन ढीग करा. कामाबद्दलचं आणि तुमच्याबद्दलचं. "शेवट समजला नाही," "फोटो अंधारा आहे," हा पहिला ढीग. तो दोन दिवस तसाच ठेवून मग पाहा, कारण त्याच रात्री पाहिला की सगळंच खरं वाटतं किंवा सगळंच खोटं. "यांच्यातले आता कविता करायला लागले," "बाईमाणसानं स्टेजवर कायले जावं," हा दुसरा. त्यात जात आणि बाईपण यांच्यावरचा राग असतो, तुमच्या ओळींबद्दल एक अक्षरही नसतं. तो तपासत बसायचं काम तुमचं नाही. पण धमकी वाटावी असं काही असेल तर एकट्यानं गिळू नका, मंडळातल्या किंवा घरातल्या खंबीर माणसाच्या कानावर घाला.

दुसरी वेळ

पहिलं वाचन झाल्यावर दुसरं लवकर ठरवा, फार तर महिनाभरात. मध्ये सहा महिने गेले की भीती पुन्हा तेवढीच होते आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, काय वाचलं, कोण काय बोललं. दुसऱ्या वेळी वेगळी कविता न्या, पण पहिली दुरुस्त केली असेल तर तीही सोबत असू द्या, कारण तिच्याबद्दल विचारणारा कुणीतरी निघतोच. आणि आयोजकाचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या संमेलनाची तारीख पेपरात येण्याआधी त्यालाच माहीत असते.